जुनी काया, नवी चालना

19 मे 2018 रोजी सायंकाळी विंडसरच्या राजवाड्यातून राजपुत्र हॅरी आणि मेगन मार्कल हे नवदांपत्य फ्रॉगमोर हाउसमधील मेजवानीला निघाले, तेव्हा त्यांच्याइतकेच लोकांचे लक्ष त्यांच्या गाडीने वेधून घेतले. ती 1968 सालची निळसर रंगाची, उघड्या टपाची जॅग्वार ई-टाइप होती. जाणकारांना ती एका दृष्टिक्षेपात ओळखू आली. पण ती चालू लागली तेव्हा ते चमकले, कारण या गाडीचा सुप्रसिद्ध घनगंभीर घोष कोणाच्याच कानी पडला नाही. तिच्या लांबट नाकाखालचे पेट्रोलचे इंजिन काढून तेथे बॅटरी बसविण्यात आली होती. कोणी टाळ्या वाजविल्या, कोणी हळहळले.

राजघराण्यातील लग्नाच्या गाडीची उठाठेव आपण कशासाठी करावी, असे एखादा वाचक विचारील, आणि त्याचे विचारणे रास्तच आहे. अशी गाडी आपल्यापैकी कोणाच्या दारी उभी असण्याचा संभव फारच थोडा. तथापि या गाडीच्या निमित्ताने जो वाद उत्पन्न झाला, तो आम्हांस आपल्या सर्वांच्या घरातला वाटतो. पूर्वीच्या पिढीने प्रेमाने घडविलेली वस्तू आपल्या हाती येते, तेव्हा ती कितपत आपली असते? ती बदलण्याचा अधिकार आपणांस कोठवर आहे? आणि बदलल्यावर ती तीच वस्तू राहते, की नुसते नाव उरते? या प्रश्नांचा थोडा शांतपणे विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. जॅग्वार ई-टाइप मार्च 1961 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात जगापुढे आली. सर विल्यम लायन्स यांच्या कॉव्हेन्ट्री येथील कारखान्यात ती जन्मली. तिचे रूप रेखाटले माल्कम सेयर यांनी. ते मूळचे विमानाच्या कारखान्यातील. वारा कसा वाहतो याचे गणित मांडून त्यांनी गाडीच्या रेषा ठरविल्या. तिचे सहा सिलिंडरांचे ‘एक्स-के’ इंजिन मात्र तिच्याहून वडील. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने कारखान्याच्या माथ्यावर रात्र-रात्र आगीचा पहारा करताना विल्यम हाइन्स आणि त्यांचे सहकारी भावी इंजिनाविषयी चर्चा करीत. त्या चर्चेतून या इंजिनाची कल्पना साकारली. 1948 मध्ये ते लोकांपुढे आले आणि 1992 पर्यंत बनत राहिले. शहर जळत असताना काही माणसे शांततेच्या काळासाठी काहीतरी सुंदर घडविण्याचे मनसुबे रचीत होती, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. पुढे 1996 मध्ये न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने एक ई-टाइप आपल्या कायमच्या संग्रहात घेतली. म्हणजे ही वस्तू केवळ वाहन नसून कलाकृतीही आहे, हे अधिकारी मंडळींनी मान्य केले.

आता तिच्यात झालेला बदल पाहू. सप्टेंबर 2017 मध्ये जॅग्वार कंपनीनेच ‘ई-टाइप झिरो’ ही गाडी लंडनमध्ये प्रदर्शित केली. येथे आपल्या महाराष्ट्राचाही धागा जुळतो, कारण 2008 मध्ये मुंबईच्या टाटा मोटर्सने जॅग्वार विकत घेतली. अभियंत्यांनी युक्ती अशी केली की, 40 किलोवॉट-तासांची बॅटरी जुन्या इंजिनाच्याच आकारमानाची आणि जवळजवळ त्याच वजनाची बनवून इंजिनाच्या जागी ठेवली, आणि गिअरबॉक्सच्या जागी 220 किलोवॉटची विजेची मोटर बसविली. त्यामुळे गाडीचा तोल ढळला नाही. ती मूळ गाडीहून 46 किलोने हलकी झाली आणि एकदा बॅटरी भरली की सुमारे 270 किलोमीटर जाईल असे सांगण्यात आले. सांगाड्याला करवत लागली नाही. वाटेल तेव्हा जुने इंजिन पुन्हा बसविता यावे अशी सोय ठेवली. ही शेवटची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे आम्ही पुन्हा वळणार आहोत.

या बदलाविरुद्ध आवाज उठविणाऱ्यांत प्रमुख संस्था म्हणजे ‘फिवा’, अर्थात जुन्या वाहनांच्या जतनासाठी 1966 पासून काम करणारा आंतरराष्ट्रीय महासंघ. तिच्या मते ऐतिहासिक वाहन म्हणजे किमान 30 वर्षे जुने, इतिहासाला धरून मूळ स्थितीत राखलेले आणि रोजच्या वापरात नसलेले वाहन. 2019 मध्ये तिने स्पष्ट केले की, जुन्या गाडीत आजची मोटर आणि बॅटरी घातली की ती या व्याख्येत बसत नाही. तथापि कोणाला असा बदल करायचाच असेल, तर तो मागे फिरविता येण्याजोगा असावा आणि काढलेला प्रत्येक भाग खूण करून जपून ठेवावा, असा सल्लाही तिने दिला.

कायद्यांकडे पाहावे तर तेही एकमुखाने बोलत नाहीत. गाडीत फार फेरफार झाले तर तिची जुनी नोंदणी टिकवावी की नाही, हे ठरविण्यासाठी ब्रिटनच्या वाहन नोंदणी कार्यालयाने बरीच वर्षे गुणांची पद्धत वापरली. मूळ सांगाड्याला 5 गुण. चाकांवरील झुलत्या जोडणीला 2, आसांना 2, गिअरच्या यंत्रणेला 2, सुकाणूला 2, आणि इंजिनाला फक्त 1! एकूण 14 पैकी 8 मिळाले आणि सांगाडा मूळचा असला की गाडी तीच. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही काढले तरी 11 गुण उरतात. आपल्या देशात 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि मोठा फेरफार न झालेली गाडीच ‘व्हिंटेज’ ठरते. इंजिन काढून टाकणे हा लहान फेरफार आहे, असे कोणी म्हणणार नाही. एका देशाच्या तराजूत इंजिनाचे वजन चौदावा हिस्सा. दुसऱ्या देशात ते गेले की मानही गेला. कायदा व्यवहार चालविण्यासाठी रेषा आखतो; वस्तूचे स्वत्व कशात आहे हे सांगणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते.

हा प्रश्न तसा पुरातन आहे. थीसियस राजाचे गलबत अथेन्सच्या नागरिकांनी जतन केले, कुजलेली फळी काढून तिच्या जागी नवी बसवीत गेले, आणि अखेर ते तेच गलबत की दुसरे, यावर तत्त्वज्ञ भांडू लागले, असे प्लुटार्कने नोंदविले आहे. 1655 मध्ये टॉमस हॉब्सने त्यात आणखी एक पेच घातला: काढलेल्या जुन्या फळ्या कोणी गोळा करून त्यांचेच दुसरे गलबत बांधले, तर खरे कोणते?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांस ॲरिस्टॉटलची एक कुऱ्हाड भेटली होती. तो म्हणतो की कुऱ्हाड सजीव असती, तर तोडण्याची शक्ती हाच तिचा आत्मा ठरला असता. म्हणजे वस्तू कशाची बनली आहे याबरोबरच ती कशासाठी बनली आहे, हे विचारले पाहिजे. संत थॉमस अक्वायनस यांनी त्यापुढे एक सावधगिरीची सूचना दिली आहे. मनुष्याने केलेल्या वस्तूला मनुष्यासारखे आंतरिक सत्त्व नसते. तिचे रूप कारागिराने द्रव्यावर बाहेरून चढविलेले असते. ही सूचना आम्हांस दोन प्रकारे उपयोगी वाटते. एक म्हणजे, गाडीचे इंजिन काढणे ही हत्या होय, अशी भाषा करणाऱ्यांनी जरा थांबावे. गाडीला प्राण नाही आणि तिच्यावर अन्याय होऊ शकत नाही. दुसरे म्हणजे, वस्तूचे रूप जर कोणा माणसाच्या मनातून आले असेल, तर तिच्याशी वागताना आपण त्या माणसाशीही वागत असतो. लोखंडाचे आपण काही देणे लागत नाही. लोखंडात ज्यांनी आपली बुद्धी आणि रात्री ओतल्या, त्यांचे मात्र काहीतरी देणे लागतो.

मग ई-टाइप कशासाठी बनली होती? एवढेच म्हणावे की माणसाला येथून तेथे नेण्यासाठी, तर मोटर बसवून काहीच बिघडले नाही. पण तेवढ्यासाठी साधी गाडी पुरेशी होती. येथे आम्हांस देवळातील ऑर्गनचा दाखला सुचतो. जुन्या पाइप ऑर्गनला वारा पुरविण्यासाठी मागे एक माणूस भाता ओढीत उभा असे. विसाव्या शतकात त्याच्या जागी विजेचा पंखा आला. ऑर्गन बदलला, असे कोणी म्हटले नाही, कारण संगीत नळ्यांमधून येत होते. भाता केवळ वारा देत होता. पुढे कित्येक ठिकाणी नळ्याच काढून ध्वनिवर्धकातून नळ्यांसारखा आवाज काढणारी विजेची पेटी आली. तीही उपासनेला उपयोगी पडते, पण तिला पाइप ऑर्गन म्हणणे कोणालाही पटणार नाही. तेव्हा आपल्या प्रश्नाचे सार हे: त्या गाडीतले इंजिन हा भाता होता, की नळ्या?

आमच्या मते ते दोन्ही होते, आणि म्हणूनच हा वाद सहजासहजी मिटत नाही. सेयर यांच्या रेषा डोळ्यांसाठी होत्या; त्या अजून जशाच्या तशा आहेत. मात्र वेग धरताना पायाखाली जाणवणारी थरथर, चढत जाणारा स्वर, तीन कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवून घेताना मेकॅनिकने कान लावून ऐकलेला श्वास, हेही त्या कृतीचे अंग होते. ते गेले की कृती अर्धी मुकी होते. इंजिनाबरोबर आणखीही एक गोष्ट जाते, ती म्हणजे हातातली विद्या. कान लावून यंत्राचे दुखणे ओळखणारा कारागीर पुस्तकातून घडत नाही. तो चालत्या इंजिनांवर, गुरूच्या शेजारी उभा राहून घडतो. इंजिने सगळीच पेटीत गेली तर एका पिढीत ती विद्या लोपेल.

उलट बाजूलाही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. ‘मूळ स्वरूप’ म्हणून ज्याचा जयघोष होतो, ते मुळात किती उरले आहे? ही इंजिने शिसेमिश्रित पेट्रोलसाठी बनली होती. ते ब्रिटनमध्ये 1999 च्या अखेरीस आणि भारतात 2000 मध्ये सर्वसाधारण विक्रीतून गेले, आणि अनेक मालकांनी इंजिनाचे आतले भाग बदलून घेतले. 2021 मध्ये ब्रिटनच्या पंपांवर 10 टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले. ते जुन्या रबरी नळ्यांना सोसत नाही, म्हणून त्याही बदलल्या. शिशाचा धूर मुलांच्या मेंदूला घातक होता. तो थांबविण्यासाठी जुन्या इंजिनांना त्रास पडला, तो पडायलाच हवा होता. लेकरांच्या श्वासापुढे कोणतेही इंजिन मोठे नाही, एवढे तत्त्व तरी सर्वांनी मान्य केले पाहिजे.

पण म्हणून प्रत्येक वेळी ‘हवेसाठी केले’ असे म्हणणे खरे असते काय? थोडा हिशेब करू. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. अशी जुनी गाडी लिटरला 6 किलोमीटर जाते असे धरू. वर्षाला 2,000 किलोमीटर फिरली तर सुमारे 770 किलो वायू झाला. आता बॅटरी: स्वीडनमधील आय.व्ही.एल. या संस्थेच्या 2019 च्या अहवालानुसार बॅटरी बनविताना दर किलोवॉट-तासामागे 61 ते 106 किलो वायू बाहेर पडतो. म्हणजे 40 किलोवॉट-तासांच्या बॅटरीमागे अडीच ते सव्वाचार टन! विजेचा थोडा खर्च धरता हे कर्ज फिटायला साडेतीन ते सहा वर्षे लागतील. गाडी वर्षाला 500 किलोमीटरच निघत असेल, तर बारा वर्षांहून अधिक, कदाचित वीसही. याउलट रोज कामावर नेऊन वर्षाला 15,000 किलोमीटर चालविली, तर वर्षाच्या आतच कर्ज फिटते. शिवाय बॅटरीतील कोबाल्टचा मोठा भाग कांगोतून येतो, आणि तेथील काही खाणींत लहान मुले राबतात, हे जगजाहीर आहे. तेलाच्या इतिहासातही रक्त आहेच. पण एका पापाचा पाढा वाचून दुसरे धुतले जात नाही.

या हिशेबातून एक नैतिक धडा निघतो. तीच कृती कोणत्या परिस्थितीत आणि कोणत्या हेतूने केली, यावर तिचे मोल ठरते. 2021 मध्ये दिल्ली सरकारने 10 वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांचे विजेवर रूपांतर करण्यास वाट मोकळी केली. अशा रूपांतरासाठीच्या संचांची तपासणी पुण्याच्या ए.आर.ए.आय. या संस्थेतही होते. रोजच्या वापरातील, हवा काळवंडून टाकणाऱ्या सामान्य गाडीला असे नवे आयुष्य मिळणे हे निखळ चांगले काम आहे. तिच्या डिझेल इंजिनासाठी कोणी अश्रू ढाळू नयेत. परंतु वर्षातून चार रविवारी बाहेर पडणाऱ्या दुर्मीळ गाडीचे इंजिन काढून ‘आम्ही पृथ्वी वाचविली’ असे मिरविणे, ही आत्मवंचना होय. आवड म्हणून केले असेल तर तसे सांगावे. आवड हे पाप नाही. आवडीला पुण्याचा झगा चढविणे वाईट.

आता असे समजू या की कॉव्हेन्ट्रीतील एका घरी बापाने अशी गाडी मागे ठेवली आहे. थोरला मुलगा म्हणतो, “बाबांनी ठेवली तशीच ठेवू.” ती गॅरेजात चादरीखाली उभी राहते, गंज धरते, नातवंडांना तिला हात लावू देत नाहीत. धाकटा म्हणतो, “विजेवर चालवू, बाबांना ती चाललेली आवडायची.” दोघांपैकी बापाशी निष्ठावंत कोण? थोरला द्रव्य राखतो आणि हेतू विसरतो. धाकटा हेतूचा एक भाग राखतो आणि दुसरा गमावतो. दोघांनीही एकमेकांस ‘तुला बाबांची कदर नाही’ म्हणण्यापूर्वी बापाने ती गाडी कशी वापरली हे आठवावे. तो रविवारी दुपारी बाही वर सारून इंजिनात डोके घालून बसत असेल आणि पोरांना पाने हाती द्यायला शिकवीत असेल, तर ते इंजिनच त्या घराचा वारसा आहे. ते चालते ठेवणे हे पहिले कर्तव्य. इंजिन खरोखरच फुटले असेल, ते दुरुस्त करणे कुवतीबाहेर असेल आणि गाडी भंगारात जाण्यापासून वाचविण्याचा दुसरा मार्ग नसेल, तर मोटर बसविण्यात आम्हांस काही गैर दिसत नाही.

मात्र तीन अटी पाळाव्यात. पहिली, बदल असा असावा की मागे फिरता यावे. सांगाडा कापू नये, आणि काढलेले इंजिन तेल लावून, त्याच्या क्रमांकासह पेटीत जपावे. आपल्या मतापेक्षा आपल्या नातवाचे मत शहाणे असू शकते. त्याच्यासाठी दार उघडे ठेवणे हा नम्रतेचा भाग आहे. मालकी कागदावर आपली असते, पण अशा वस्तूंच्या बाबतीत आपण खरे पाहता विश्वस्त असतो. दुसरी अट, नाव खरे सांगावे. विकताना, मिरविताना, प्रदर्शनात मांडताना ‘ही विजेवर रूपांतरित केलेली गाडी आहे’ असे स्पष्ट म्हणावे. ध्वनिवर्धकातून खोटा इंजिनाचा आवाज काढून जगाला आणि स्वतःला फसवू नये. जी शांत झाली आहे तिला शांतच राहू द्यावे. तिसरी, एकाने बदल केला म्हणून सर्वांनी करू नये. काही गाड्या तरी पेट्रोलवर, थोड्या का होईना, चालत्या राहाव्यात, म्हणजे विद्या आणि कान दोन्ही जिवंत राहतील.

ज्या शहरात ही गाडी जन्मली, त्याच शहराने जुने आणि नवे यांचा संबंध कसा असावा याचे एक उत्तर दगडात लिहून ठेवले आहे. 14 नोव्हेंबर 1940 च्या रात्रीच्या बॉम्बवर्षावात कॉव्हेन्ट्रीचे मध्ययुगीन कॅथिड्रल जळून गेले. पुढे नवे उभारताना वास्तुशिल्पी बेसिल स्पेन्स यांनी जुन्याची हुबेहूब नक्कल उभी केली नाही आणि उरलेल्या भिंतीही पाडल्या नाहीत. भग्न भिंती आकाशाखाली तशाच ठेवल्या आणि त्यांना लागून आपल्या काळाचे नवे मंदिर बांधले. 1962 मध्ये, म्हणजे ई-टाइप जगापुढे आल्याच्या दुसऱ्याच वर्षी, त्याचे समर्पण झाले. एकातून दुसऱ्यात पायी जाता येते. जुने आपल्या जखमेसह खरे, नवे आपल्या नवेपणासह खरे. कोणीही दुसऱ्याचा मुखवटा घातलेला नाही.

गाडी काही मंदिर नव्हे, आणि तिच्या जागी जुने-नवे शेजारी उभे करण्याइतकी ऐसपैस जागाही नसते. तरी तो धडा आपल्या घरातल्या लहानसहान गोष्टींनाही लागू पडतो: आजोबांच्या पडवीला, आजीच्या जात्याला, गावच्या जुन्या विहिरीला. बदल अटळ असतो तेव्हा तो करावा, पण काय काढले हे लक्षात ठेवावे, जे काढले ते जपावे, आणि जे केले त्याला त्याच्याच नावाने हाक मारावी. एवढे पाळले तर पुढची पिढी आपल्या निर्णयाशी असहमत झाली, तरी आपल्या प्रामाणिकपणाविषयी तिला शंका उरणार नाही.